माईकवरचं गाऱ्हाणं

माझ्या नातीने मला विश्वासाने सांगितलेली गोष्ट मी माईकवरून सांगितली.

माईक चांगला होता. डेकोरेटरने माझ्यासाठी त्याची उंची मुद्दाम कमी करून दिली होती. दोन भोंगे होते, एक मांडवाकडे आणि एक रस्त्याकडे तोंड करून. तेव्हा त्या दुपारी डिलाईल रोडवरून जे कोणी भाजी घेऊन चालले असतील, त्यांनाही ते कळलं असणार.

सात वर्षं झाली. मी तेव्हा त्रेसष्ट वर्षांची होते, म्हणजे अक्कल यायला अजून अवकाश होता. ती त्रेसष्टची बाई मला आजही लख्ख दिसते. हिरवी काठापदराची साडी, अंबाड्यावर अबोलीचा वळेसर, पावडर जरा जास्तच, आणि चेहऱ्यावर असा भाव की देव आता हिच्याकडूनच सूचना घेणार. तिचा कान धरून तिला खाली बसवावंसं वाटतं. पण ती बसणाऱ्यातली नव्हती.

आम्ही मूळचे मालवणकडचे. आमच्याकडे पूजा असो, लग्न असो, देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. एकाने सगळ्यांच्या वतीने देवाशी मोठ्याने बोलायचं, अमक्याला नोकरी दे, तमक्याचं दुखणं हटव, आणि प्रत्येक मागणीच्या शेवटी जमलेल्यांनी ‘होय म्हाराजा’ म्हणून दुजोरा द्यायचा. त्यात चोरून काही नसतं. दुखणं चारचौघांत बोललं आणि चारचौघांनी होय म्हटलं, की देवाला ऐकलं नाही असं म्हणता येत नाही, असा आमचा समज.

आमच्या चाळीत हे काम माझ्या नवऱ्याकडे होतं. गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, आयुष्य गेलं, साच्यांच्या खडखडाटात बोलून बोलून आवाज असा झालेला की साधं ‘चहा टाक’ म्हटलं तरी शेजारची आधण ठेवायची. ते गेले त्या वर्षी धाकट्या दिरांनी गाऱ्हाणं घातलं. रेशनच्या रांगेत नाव पुकारावं तसं. दुसऱ्या वर्षी नारळ मी उचलला. बायका गाऱ्हाणं घालत नाहीत, असं दोन-चार पुरुष पुटपुटले. माझं ऐकल्यावर गप्प बसले. पुढे चाळ पडली, टॉवर झाला, आम्ही एकोणिसाव्या मजल्यावर जाऊन बसलो, आणि माझी कीर्ती करी रोडपर्यंत पोचली. तिकडच्या दोन बिल्डिंगींतून मला बोलावणं येई. मी नाही नाही म्हणत जाई आणि जाताना वळेसर विसरत नसे.

आता नात.

ती माझ्या मुलाची मुलगी, एकुलती एक. आई-बाप दोघे नोकरीवर. तिची आई लोअर परळला काचेच्या ऑफिसात, जिथे एके काळी तिचा सासरा डबा घेऊन जायचा त्याच कंपाउंडात. त्यामुळे पोर वाढली माझ्यापाशी. मी तिला शेंगदाणे चोरून खायला शिकवलं, पत्त्यांत फसवायला शिकवलं, आणि आई ओरडली की कुणाकडे बघून डोळे मिचकावायचे तेही शिकवलं. ती मला अगंतुगं करायची. ‘आजी, तू फार नालायक आहेस’ हे तिचं लाडाचं वाक्य होतं. मला ते पद्मश्रीसारखं वाटायचं.

अकरावीत गेल्यावर ती हळूहळू मिटत गेली. जेवताना ताटात बघायची. मैत्रिणींचे फोन वाजत राहायचे. आणि डिसेंबरात लांब बाह्यांचे शर्ट घालायला लागली. मुंबईची थंडी म्हणजे पंखा एकवर ठेवायचा, एवढीच. मी आपली चेष्टा करत सुटले. एवढी थंडी वाजते तर सिमल्याला स्थळ बघू का, म्हणून. महिनाभर हा एकच विनोद मी केला. ती दर वेळी हसायची. हसायची म्हणजे तोंड हसल्यासारखं करायची, आणि मला वाटायचं, विनोद चांगला आहे.

एका दुपारी मी पेपर पसरून सुकट निवडत बसले होते. ती समोर येऊन बसली. मग म्हणाली, आजी, ओरडू नकोस, आणि एक बाही वर केली.

काय दिसलं ते लिहिणार नाही. ते तिचं आहे. हे लिहायला घेण्यापूर्वी मी तिला विचारलं, लिहून झाल्यावर वाचायला दिलं. तिने दोन ओळी खोडल्या. त्यांतली एक इथे होती.

एवढंच सांगते की ती स्वतःच्या हाताने स्वतःला इजा करून घेत होती, आणि कुणाच्याही आधी तिने ते मला सांगितलं. डोक्यात गर्दी होते, आजी, असं काहीतरी म्हणाली. मी लगेच म्हटलं, गर्दी कुणाच्या डोक्यात नसते? तिने बाही खाली केली.

मग तिने विचारलं, कुणाला सांगणार नाहीस ना? आईला पण नाही? मी सुकटीच्या हाताने गळा धरून म्हटलं, देवाशपथ नाही.

ही माझी पहिली चूक. माईकची दुसरी. पहिलीकडे कुणाचं लक्ष जात नाही, कारण तिच्यात भोंगा नव्हता.

खरं सांगू? त्या क्षणी मी घाबरले होते, पण थोडी फुशारलेही होते. आई सोडून, बाप सोडून, तिने मला निवडलं. पुढचे दहा दिवस मी हे गुपित दागिन्यासारखं कनवटीला लावून फिरले. सून समोरून जायची, सकाळी डबे भरायची, आणि मला वाटायचं, हिला काही ठाऊक नाही, मला आहे. त्रेसष्ट वर्षांची बाई.

दहा दिवसांत मी काय काय केलं म्हणता? मीठ-मोहरी घेऊन दृष्ट काढली. रोज सात बदाम भिजवले. गिरणीच्या संपाच्या दिवसांत आम्ही नुसत्या पेजेवर कसे दिवस काढले, तरी कुणी असलं काही केलं नाही, हे तीनदा ऐकवलं. तिने तीनदा ऐकलं. बदाम खाल्ले. दृष्ट काढताना डोळे मिटून उभी राहिली. आणि दर दिवशी माझ्याशी थोडं कमी बोलली. ते माझ्या लक्षातही आलं, आणि मला रागच आला. एवढं ओझं माझ्या डोक्यावर दिलं, माझं तोंड शिवून ठेवलं, आणि वर बोलतही नाही. मलाच फसवल्यासारखं वाटत होतं. आता त्याचं हसू येतं. तेव्हा रडू येई, तेही बाथरूममध्ये नळ सोडून, टीव्हीतल्या बायकांसारखं.

मग आली पूजा. गिरणगावात सव्वीस जानेवारीच्या झेंडावंदनाच्या दिवशी सत्यनारायणाची पूजा घालायची जुनी पद्धत आहे. चाळीत ती अंगणात व्हायची, टॉवरमध्ये ती पोडियमवर होते, म्हणजे गाड्यांच्या मजल्यावरच्या मोकळ्या जागेत. जुन्या चाळीतली सगळी बिऱ्हाडं, वर नव्याने फ्लॅट घेतलेली, मिळून दोनशेच्या आसपास माणूस जमलं होतं. नात प्रसादाचे द्रोण वाटायला उभी होती. लांब बाह्यांचा कुडता घालून. छान दिसत होती.

कथा झाली, आरती झाली, आणि सोसायटीच्या चेअरमननी मला माईकवर बोलावलं. मी नारळाला हात लावला आणि सुरू झाले.

“बा देवा म्हाराजा, आज ह्या जाग्यार तुजी जी काय सेवा केली हा, ती गोड मानून घे रे म्हाराजा.”

“होय म्हाराजा.”

आधी सगळ्यांचं झालं. दहाव्या मजल्यावरच्याचं डायलिसिस. पाचव्यावरच्याची परदेशची नोकरी. सातव्यावर अडकणारी लिफ्ट, हिचं तर मी असं वर्णन केलं की लोक हसले. हसले की मला चढतं. आवाज लागला होता, दोनशे गळे मागून येत होते, आणि काय सांगू, त्या ‘होय म्हाराजा’ने माणूस उचललं जातं. वाटलं, आत्ता, या भरात, आपलंही सांगून टाकावं. देवाची शपथ घेतलीय, पण सांगतेय देवालाच. एवढा वकिली मुद्दाही त्या बाईला तिथल्या तिथे सुचला.

“आणि म्हाराजा, माज्या घरातल्या चेडवाक, जा आपल्याच हातान आपल्या जिवाक इजा करून घेता, तेका सुबुद्धी दी रे म्हाराजा.”

“होय म्हाराजा,” दोनशे माणसं म्हणाली. लिफ्टसाठी म्हटलं होतं तेवढ्याच जोरात.

मग मी डोळे उघडले. समोर ती उभी होती, हातात द्रोणांचा ट्रे. ट्रे तिने सरळच धरला होता, एक द्रोण सांडला नाही. तिने तो बाजूच्या बाईच्या हातात दिला, नीट, आणि जिन्याकडे गेली. लिफ्टसाठी थांबली नाही. तिच्या मागे तिची आई धावली. चपला तिथेच राहिल्या.

मी वर पोचले तेव्हा ती तिच्या खोलीत पलंगावर बसली होती, आई शेजारी. दार उघडं होतं. ती सुखरूप होती, एवढं बघितलं. मी उंबऱ्यातच बसले. सुनेने माझ्याकडे बघितलं. ती कधी चढ्या आवाजात बोलत नाही, तेव्हाही बोलली नाही. तिने विचारलं, “आई, तुम्हाला कधी कळलं?”

मी म्हटलं, दहा दिवस झाले.

“दहा दिवस,” ती म्हणाली, आणि पुन्हा मुलीकडे वळली. आजतागायत तिने तो विषय माझ्यापाशी काढलेला नाही. काढला असता तर बरं झालं असतं.

त्यानंतर जे लोक आले त्यांच्याविषयी लिहायचं तर हात शिवशिवतात. चाळीस वर्षं एका गॅलरीत कपडे वाळत घातलेल्या बायका. एकीने वसईच्या कुठल्याशा बाबाचा पत्ता आणला. एकीने बारावी झाली की उजवून टाका म्हणून सांगितलं. एकीने माझ्या कानात विचारलं, मुलगा कोण होता? आणि जिच्या दोन्ही बाळंतपणांत मी डिंकाचे लाडू पोचवले, तिने आपल्या मुलीला आमच्याकडे अभ्यासाला पाठवणं बंद केलं, मुलीच्या मनावर परिणाम होईल म्हणून. चेअरमन स्वतः आले. तेही विचारपूस करायला नव्हे, पुढच्या वर्षीपासून गाऱ्हाणं छापील देऊ, हे सांगायला. मला वाटलं, माझ्या माणसांनी मला दगा दिला. आठवडाभर मी एकेकीला मनातल्या मनात शिव्या घातल्या, मालवणीत, म्हणजे कसर ठेवली नाही. मग एकदा कुकर लावताना ध्यानात आलं की बाई, प्रसाद म्हणून हातावर ठेवलंस तूच. लोकांनी नुसता तोंडात टाकला.

नात ओरडली नाही, भांडली नाही. तिने एकच केलं. ती मला ‘तुम्ही’ म्हणायला लागली.

“आजी, तुम्ही चहा घेणार?”

“आजी, तुमचा फोन वाजतोय.”

बाहेरच्याला वाटावं, काय संस्कार आहेत. ज्या पोरीने मला बोलायला लागल्यापासून नालायक म्हटलं, तिच्या तोंडचा तो आदर मला मिरचीच्या धुरासारखा लागायचा. मी मुद्दाम पत्त्यांत उघड उघड फसवलं, म्हटलं चिडून तरी ‘तू’ म्हणेल. ती म्हणाली, तुम्ही जिंकलात.

सुनेने तिला परळच्या इस्पितळात नेलं, मनाच्या डॉक्टरांकडे. दर आठवड्याला जायचं. औषध थोडं होतं, बोलणं जास्त होतं. महिन्याभराने तिथल्या समुपदेशक बाईंनी घरच्यांना बोलावलं, मलाही. बाई तिशीची असेल, केस बारीक कापलेले, टेबलावर शेंगदाण्याच्या चिक्कीचा डबा. मी मनात दोन्ही तयारी करून गेले होते, शिव्या खायची आणि कौतुक करून घ्यायची. तिने शांतपणे म्हटलं, तिने सांगितलं तेव्हापासून काय काय झालं, सांगा. मी सांगितलं. दृष्ट काढली, बदाम दिले, संपाचं सांगितलं, शपथ घेतली, गाऱ्हाणं घातलं.

“आणि तुम्ही तिला काय विचारलंत?”

मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. काढली, दिले, सांगितलं. अर्ध्यात थांबले. विचारलं असं काही नव्हतंच. गळा धरून शपथ घेतली त्या घटकेपासून भोंग्यापर्यंत एक प्रश्न नाही. त्याआधीचा एक होता, सिमल्याचा, तोही विनोद.

तिने मला ओरडायला हवं होतं. ती समजावत बसली. आईला सांगायलाच हवं होतं, म्हणाली, दहा दिवस थांबायला नको होतं. अशा गोष्टीत कुणाला सांगणार नाही ही शपथ घ्यायची नसते. म्हणायचं, मी हे एकटी पेलू शकत नाही, पण तुझ्या पाठीमागे काही करणार नाही, आईला आपण दोघी मिळून सांगू. मग मी घाबरत घाबरत विचारलं, की मरायचे विचार येतात का असं तिला विचारायला माझी जीभ रेटत नाही, विचारलं आणि डोक्यात भरलं तर? ती म्हणाली, विचारल्याने भरत नाही. सरळ विचारा. आणि उत्तर आलं की लगेच बोलू नका. हे शेवटचं म्हणताना ती माझ्याकडे बघून किंचित हसली. नातीने माझी सगळी कीर्ती सांगितलेली दिसत होती.

घरी येऊन मी सराव केला. जी बाई दोनशे माणसांपुढे अडखळत नव्हती, ती स्वयंपाकघरात डब्यांपुढे उभी राहून पुटपुटायची, ‘बाळा, काय होतंय तुला?’ रव्याच्या डब्याला विचारलं. पोह्यांच्या डब्याला विचारलं. विचारून गप्प राहायची सवय लावली. डबे बरे, ते घाई करत नाहीत. पण तिच्यापुढे गेलं की ‘तुम्ही’ यायचं आणि मी प्रश्न तसाच घेऊन डब्यांकडे परतायची. आता मला कळत होतं, तिने दार लावलंय. उद्या पुन्हा डोक्यात गर्दी झाली, आणि आई ऑफिसात असली, तर दुपारच्या वेळी या घरात फक्त मी असते, आणि मला ती काही सांगणार नाही. ही भीती मी कुठल्याच देवाला सांगितली नाही.

वर्ष असं गेलं. ती इस्पितळात जात राहिली. मधे बरी असायची, मधे नसायची. आईला सांगायची, ते मला आईच्या चेहऱ्यावरून कळायचं. मार्चअखेर एक अर्ध्या बाह्यांचा टीशर्ट दिसला. मी काही बोलले नाही. ते माझ्या आयुष्यातलं सर्वात अवघड न बोलणं.

पुन्हा पूजा आली. मी खाली गेले नाही, गुडघ्याचं कारण सांगितलं. गुडघा ठणठणीत होता. मुलगा-सून गेले, तोंड दाखवायला. मी खिडकीखाली बसून मटार सोलत होते. थोड्या वेळाने ती आली आणि समोर बसली. ती गेली नव्हती हे मला ठाऊकच नव्हतं. एक शेंग उचलली, सोलली, दाणे माझ्या ताटात टाकले.

खालून भोंगा सुरू झाला. चेअरमन छापील कागदावरून गाऱ्हाणं वाचत होते, अगदी शुद्ध मराठीत, “हे परमेश्वरा, सर्व सभासदांची सर्वांगीण उन्नती होवो,” आणि मागून लोक म्हणत होते, होय महाराजा. तेही शुद्ध. आमची नजरानजर झाली. तिच्या ओठाचा कोपरा हलला. माझा विनोद जिभेवर आला होता, चेअरमनच्या उन्नतीबद्दल, चांगला होता. मी गिळला. शेंगा सोलत राहिले.

भोंगा थांबला. तिने हातातली शेंग सोलली नाही, नुसती फिरवत राहिली. मग ताटाकडे बघत म्हणाली,

“आजी, त्या दिवशी दोनशे माणसं होय म्हाराजा म्हणाली. एकानेही मला येऊन विचारलं नाही, काय होतंय गं तुला. तू पण नाही. आता तरी विचार.”